तुम्ही विचारलंत म्हणून: मी चंद्रच का मागते

नाही, मला डॅमेज करता येतं, म्हणजे वॉवमध्ये, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेममध्ये, शत्रूला मारता येतं. हे आधीच सांगून टाकते कारण प्रत्येक वेळी गाडी तिथूनच सुटते. ताई तुम्ही मेज (जादूगार) आहात ना, मग मीटरवर, म्हणजे कुणी किती मारलं त्या यादीत, चौथ्या का? पुल व्हायच्या (शत्रूंना अंगावर ओढायच्या) आधीच "चंद्र माझा" (ज्या शत्रूवर चंद्राची खूण, तो माझा) टाइप करून एका शत्रूची मेंढी करून का बसता? हे गिल्डमधल्या (आमच्या कायमच्या गटातल्या) नवीन पोरांनी विचारलंय, पगमधल्या (आयत्या वेळी जमलेल्या गटातल्या) अनोळखी लोकांनी विचारलंय (खरं तर त्यांनी विचारलं नाही, किक केलं, पण ते मी विचारण्यातच धरते), माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलंय, "आई तू कुणाला मारत का नाहीस", आणि सासूबाई रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठल्या की दारातून डोकावून म्हणतात, "झाल्या का मेंढ्या बांधून?" तो अर्थात प्रश्न नाही, झोपायचा हुकूम आहे.

वर आणखी एक जमात आहे जी म्हणते, "मग सरळ हीलर (बाकीच्यांच्या जखमा भरणारी) खेळा ना, बायका हीलर छान खेळतात." ह्यांना मी उत्तर देत नाही. ह्यांना पाणीसुद्धा देत नाही. मेज म्हणजे मराठीत टेबल आणि लोकांना आमच्याकडून खरंच तेवढंच हवं असतं, सत्तरच्या लेव्हलला आम्ही ते खाण्यापिण्याचं टेबल मांडतो, सगळे येऊन हात मारतात, थँक्यू पण म्हणत नाहीत. त्या लोकांना मी टेबलावरूनही उठवलं असतं पण गेममध्ये तशी सोय नाही.

तर उत्तर. एका वाक्यात देता आलं असतं तर इतकी वर्षं टाळलं नसतं.

मी वॉव २००८ मध्ये सुरू केलं, कॉलेजात असताना, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचे तिथे. घरमालकांचं बीएसएनएलचं डेटावन, रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड, बाकी वेळी एकेक एमबी मोजून. त्यामुळे पॅच उतरवायचा तर दोनचा अलार्म लावून उठायचं, राउटर हॉलमध्ये, वायर माझ्या खोलीत दाराच्या फटीतून. सर्व्हर युरोपचा, त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची मध्यरात्र, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. आता दोनशेच्या पिंगवर तुम्ही कितीही हुशार असा, तुमची बोटं दोनदशांश सेकंद मागेच असतात. डॅमेजमध्ये मी मागे पडायचे ते तिथून. पण पॉलिमॉर्फचा, म्हणजे मेंढी करायच्या मंत्राचा, कास्ट (मंत्र टाकायचा वेळ) दीड सेकंदाचा आणि मेंढी टिकते पन्नास सेकंद, त्यात हाताच्या वेगाला कोण विचारतो, तिथे लागतं ते आधी ओळखणं. कुठला ओर्क (गेममधले राक्षसी शत्रू) कुठून येणार, टँक (पुढे राहून मार अंगावर घेणारा) त्यांना कुठल्या कोपऱ्याआड ओढणार, आपला चंद्रवाला त्यातून बाजूला कसा राहील. पन्नासातले चाळीस झाले की परत टाकायची. मी अजूनही टायमर ॲडऑन लावत नाही, मनात मोजते, भाजीला फोडणी देताना सुद्धा कधी कधी मोजत असते.

शिवाय मला ती मंत्राची जातच आवडली होती. वॉरक्राफ्ट दोनमध्ये, १९९५ च्या, पॉलिमॉर्फ झालं की संपलं, तो प्राणी मग कायमचा प्राणी. वॉवमध्ये तसं नाही. इथे तुम्ही कुणाला संपवत नाही, फक्त आत्ता नको, नंतर बघू, असं म्हणता. पुण्यात राहिलेल्या माणसाला ह्याहून जवळची जादू कुठली असणार?

पण त्याची किंमत आहे, आणि ही किंमत नवीन लोकांना माहीत नसते. मेंढी झालेल्याची तब्येत भराभर भरून येते. अर्धमेला केलेला शत्रू मेंढी करा, पन्नास सेकंदांनी तुमच्यासमोर अख्खा ताजातवाना उभा. त्यामुळे मेंढी ज्याला हातही लावलेला नाही त्यालाच करायची आणि नंतर कुणी हात लावायचा नाही. वॉरलॉकचा एक डॉट (हळूहळू मारत राहणारा मंत्र), हंटरचा एक मल्टी-शॉट (एकदम अनेकांना लागणारा बाण), पॅलाडिनचं कन्सेक्रेशन (पायाखालची जमीन पेटवणारा मंत्र) जरा जास्त पसरलं, की खेळ खलास. म्हणजे चार जणांनी एक गोष्ट न करणं ह्यावर माझं सगळं काम उभं. ते मोजणार कसं? मीटर मारलेलं मोजतो. तो पाचवा ओर्क टँकला हाणत नव्हता म्हणून टँक जिवंत राहिला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हा माझा नेहमीचा बचाव. २००८ मध्ये मी हाच बचाव गिल्डसाठी तीन पानी लिहून काढला होता, रोमन लिपीत, "एओई (एकदम सगळ्यांना लागणारा मारा) हे आळशी लोकांचं काम आहे" असलं काहीबाही. एव्हरक्वेस्टचा दाखला पण दिला होता, १९९९ चा गेम, त्यात एन्चँटर नावाचा अख्खा क्लास गर्दी थोपवण्यासाठी, टँक-हीलर-एन्चँटर अशी त्रिमूर्ती, बघा बघा आमचा वंश किती जुना. मी तो एव्हरक्वेस्ट एक दिवसही खेळलेले नव्हते. आता ती तीन पानं वाचवत नाहीत. त्याच नोव्हेंबरात रॅथ (वॉवचा पुढचा भाग) आलं आणि हिरोइक (डंजनची, म्हणजे पाच जणांच्या मोहिमेची, अवघड पातळी) इतकी सोपी झाली की टँक सगळं गोळा करून आणायचा आणि सगळे मिळून जाळायचे, चंद्र लावायची पद्धतच गेली. मी मात्र लिहिलेलं मागे घेतलं नाही, उलट म्हणत राहिले की खेळ बिघडला. २०१० च्या कॅटाक्लिझमला (त्याच्या पुढच्या भागाला) परत सीसी (शत्रूला मेंढी वगैरे करून अडकवून ठेवणं) लागायला लागलं तेव्हा मी गिल्डमध्ये नव्हतेच, कॅम्पस लागून ऑफिसात चिकटले होते, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं ते बघायला मी नाही. असो.

खरं सांगायचं तर, आणि हे मी कधी सांगत नाही, त्यात कलाबिला नंतर येते. मला ती वेळ आवडते जेव्हा टँक विचारतो "मून कोण?" आणि चार जण थांबतात. मी कास्ट सुरू करेपर्यंत कुणी हलत नाही. पहिला वार माझा असतो आणि त्याने कुणी मरत नाही. आणि मग पन्नास सेकंद चार पुरुष त्या एका पांढऱ्या मेंढीला हात न लावता तिच्याभोवती जपून लढतात कारण मी सांगितलंय. मला प्रसिद्धी नको, मी आपली मागे राहून काम करणारी, असं मी लोकांना सांगत आले, तर ते खोटं आहे. मागे राहून सगळ्यांना थांबवणारी म्हणा हवं तर.

आता तो किस्सा. हा सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही आणि हा सोडूनच मी आजवर उत्तर देत आले.

२०२१ चा सप्टेंबर. बर्निंग क्रुसेड क्लासिक (वॉवच्या जुन्या भागाची नवी आवृत्ती) आलेलं, वर्क फ्रॉम होम, आमची जुनी कॉलेजची टोळी पुन्हा जमलेली. टँक आमचा दादा, दोन वर्षं सीनियर होता म्हणून दादा, पॅलाडिन. हीलर त्याचाच वर्गमित्र, प्रीस्ट, भोसरीला कंपनीत. हंटर एक नाशिकचा, आणि वॉरलॉक नागपूरचा एक पोरगा, बावीस-तेवीसचा, मीटरवर कायम पहिला. विसर्जन होऊन गेलेलं, पितृपंधरवडा लागला होता. नवीन रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेच्या) परीक्षांमधली दयेची परीक्षा, मर्सीची, हीलरची राहिली होती. त्यासाठी शॅटर्ड हॉल्स ह्या डंजनच्या हिरोइकमध्ये जायचं, आत कैदी धरलेत, पंचावन्न मिनिटांत जल्लादापर्यंत पोचायचं, उशीर झाला तर तो पहिल्या कैद्याला मारतो. आणि एकही कैदी मेला तर परीक्षेला लागणारी जल्लादाची न वापरलेली कुऱ्हाड मिळत नाही. कुऱ्हाड न वापरलेली हवी, ह्यातच दया. मला ते नाव तेव्हा फार आवडलं होतं.

हीलरची थर्ड शिफ्ट, साडेनऊला वारजे पुलापाशी कंपनीची बस. आम्ही साडेसातला आत.

पहिली तीस-पस्तीस मिनिटं सुरेख गेली. त्या डंजनला बहुतेक सगळे ओर्क, म्हणजे माणसासारखे, म्हणजे सगळेच मेंढी होऊ शकतात, पॅकमध्ये (एकेका टोळक्यात) पाच-सहा जण, हिरोइकला ते टँकला असं कुटतात की दोन हील उशीर झाला तर टँक आडवा. मी प्रत्येक पॅकला चंद्र धरला, एकदा फक्त रेझिस्ट झालं (मंत्र लागलाच नाही), ते पाच-सहा टक्के धरूनच चालायचं असतं. दादा बोलत होता, "मस्त, मस्त, पुढे." दादा टँक म्हणून नवीन होता. आधी तो रोग (इंग्रजीतला, लपून वार करणारा) खेळायचा, कुणी टँक मिळेना म्हणून त्याने पॅलाडिन वाढवला, आणि प्रत्येक पुलच्या आधी विचारायचा, "करू ना?"

मग नागपूरकराने पार्टी चॅटमध्ये मीटर चिकटवला. तो, हंटर, दादा, मी. मी टँकच्या खाली. आणि खाली लिहिलं, "काकू, जरा हात चालवा."

मी तेव्हा चौतीसची होते. काकू!

हसून सोडायचं असतं ते. दादा हसलाही. हंटरने डोळा मारणारा इमोट केला. मी पण हसले, माइकवर हसलेलं ऐकू जावं इतपत. आणि पुढच्या पॅकला चंद्र नीट टाकला, कास्ट लागला, ओर्कची मेंढी झाली, दादाने बाकीचे चार ओढून कोपऱ्यात आणले, कन्सेक्रेशन टाकलं, आणि मी, जी अशा वेळी लांब उभी राहते, ती पळत त्या घोळक्यात शिरले आणि आर्केन एक्स्प्लोजन, माझा एओईचा मंत्र, दाबायला लागले. एक, दोन, तीन, चार. चार ओर्कच्या डोक्यावर चार-चार आकडे उडत होते. मीटरवर माझी पट्टी दादाच्या वर गेली, मग हंटरच्या. खोटं कशाला बोलू, काय मजा आली. तेरा वर्षांत तसली मजा मी कधी घेतली नव्हती आणि तेव्हा मनात मोजत नव्हते, पहिल्यांदाच.

मेंढी एका जागी थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहे. भटकते. चार पावलं इकडे, चार तिकडे. आमच्याकडे पालखीत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं, ते मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघितलंय, त्या कशा एकामागे एक वळतात. ही एकटीच होती आणि वळून माझ्याकडे आली. एक्स्प्लोजन माझ्याभोवती दहा यार्डांत जे असेल त्याला लागतं. लागलं.

ओर्क उठला तो भरल्या तब्येतीने. आणि माझ्याकडे नाही आला. तो सरळ हीलरकडे गेला. प्रीस्ट, अंगावर कापड, दोन फटक्यांत गेला. मग दादा. मग मी फ्रॉस्ट नोव्हा (शत्रूंचे पाय गोठवणारा मंत्र) टाकला, कशाला टाकला माहीत नाही. मग सगळे.

डिस्कॉर्डवर दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग हीलर, "अरे लेका कन्सेक्रेशन टाकतोस कुठे? चंद्र समोर दिसतोय ना तुला?"

दादा म्हणाला, "सॉरी रे. जवळ पडलं वाटतं."

माझा माइक चालू होता. मी म्हणाले, "थांबा, बघते." आणि खरंच बघितलं. डीटेल्समध्ये (मीटरच्या ॲडऑनमध्ये) एक पान असतं, सीसी कुणी मोडलं त्याचं, ते कुणी कधी उघडत नाही. मी उघडलं. माझं नाव, पुढे एक. बाकी कुणी नाही. मी ते दोनदा वाचलं असेन. मग रिसेटचं बटण दाबलं आणि म्हणाले, "माझा मीटर रिसेट झालाय."

मी केला असं नाही म्हणाले. झालाय म्हणाले. आपली भाषा अशा वेळी फार मदत करते.

हीलर मग बोलतच राहिला. तुला टँकिंग जमत नसेल तर घेतोस कशाला, दरवेळी करू ना करू ना, दुसऱ्याचा वेळ म्हणजे काय, बस निघेल माझी. हे दोघं फर्स्ट इयरपासून एका खोलीत राहिलेले, त्याच्या लग्नात दादा करवल्यांच्या गाडीत सामानासारखा बसून सोलापूरला गेलेला. दादा फक्त "हो रे, हो" म्हणत होता. मी भूत होऊन (गेममध्ये मेल्यावर तसंच परत यावं लागतं) स्मशानातून पळत होते, ते आतपर्यंतचं अंतर भरपूर, आणि पळताना मनात वाक्य तयार करत होते, "अरे एक मिनिट, ते बहुतेक माझ्याच". बहुतेक. हे बहुतेक काढून टाकेपर्यंत आम्ही आत पोचलो होतो आणि पुढचा पॅक सुरू झाला होता.

पंचावन्न मिनिटं भरली तेव्हा आम्ही दोन पॅक लांब होतो. कैदी मेला. हीलर काही न बोलता लॉग आउट झाला.

दुसऱ्या दिवशी परत करता आलं असतं, हिरोइक रोज रिसेट होतं, मी मनाची समजूत हीच घालते. पण शिफ्ट, रविवारची रेड, त्याच्या जागी दुसरा प्रीस्ट घेतला गेला. दादाने टँक करणं सोडलं, दिवाळीपर्यंत परत रोग खेळला. ते दोघं दिवाळीपर्यंत बोलत नव्हते. नंतर बोलले, फराळाला गेले एकमेकांकडे, सगळं ठीक झालं असं दिसतं. हीलरने पुढे अकाउंट चालू ठेवलं नाही. त्याला बाळ झालं होतं, शिफ्ट होती, त्याने गेम माझ्यामुळे सोडला असं म्हणण्याइतकी मी स्वतःला मोठी समजत नाही. पण माझ्यामुळे नाही असंही कुणी मला लेखी दिलेलं नाही.

तर तेव्हापासून मी एओई करत नाही. आर्केन एक्स्प्लोजन बारवरून काढून टाकलं. ह्याला तुम्ही प्रायश्चित्त म्हणाल, नवऱ्याने पण तेच म्हटलं (त्याला एवढंच माहीत आहे की काहीतरी झालं होतं). मला नाही वाटत. प्रायश्चित्त घेणारी बाई आधी सांगून टाकते. मी फक्त त्या घोळक्यात परत शिरायला घाबरते, आणि घाबरते ती मेंढी मोडेल म्हणून नाही, मजा येईल म्हणून.

मग तुम्ही म्हणाल, म्हणजे ते कला, आधी ओळखणं, पन्नास सेकंद मोजणं, हे सगळं नंतर चिकटवलेलं? नाही हो. ते २००८ पासून खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि चंद्र मागताना त्यातलं कुठलं तोंडातून बोलतं हे मला कळत नाही, तुम्हाला कळलं तर सांगा. कधी वाटतं, तेरा वर्षं नीट काम केलं त्याला त्या चार बटणांनी डाग लागू नये. कधी वाटतं तेरा वर्षं मी ते चार दाबायचीच वाट बघत होते. आणि गेम आहे हो शेवटी. हेही वाटतं, बहुतेक महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीची रिटर्न भरून डोळे गेलेले असतात तेव्हा.

सांगायची संधी मिळाली नाही असं मात्र नाही. प्रत्येक दिवाळीत दादा भेटतो. प्रत्येक वेळी म्हटलं आत्ता नको, नंतर बघू. आता चार वर्षांनी ते इतकं अंगाने भरलंय की मूळ गोष्ट होती त्याच्या दसपट मोठं दिसतं. हे इथे लिहितेय कारण दादा एवढं लांबलचक मराठी वाचत नाही, त्याला सगळं स्क्रीनशॉटमध्ये लागतं. कुणी त्याला स्क्रीनशॉट काढून पाठवायला जाऊ नका. किंवा पाठवा. नको.

आम्ही परत क्लासिक सुरुवातीपासून खेळतोय, दादा परत पॅलाडिन. आता तो चांगला टँक आहे, खरंच चांगला. फक्त त्याची एक सवय आहे जी नवीन लोकांना चमत्कारिक वाटते. चंद्र लागलेला दिसला की तो अख्खा पॅक उगाचच लांब मागे ओढत नेतो, कन्सेक्रेशन टाकायच्या आधी दोनदा वळून मेंढी कुठे आहे बघतो, त्यात दोन-चार सेकंद जातात, डीपीएसवाले (मारा करणारे) कुरकुरतात. परवा स्कोलोमान्स डंजनला एका पोराने विचारलंच, "एवढं लांब कशाला नेतोस?"

दादा म्हणाला, "असू दे रे. माझ्या हातून एकदा मोडलीय."

मग मला म्हणाला, "ताई, टाक. करू ना?"

मी "हो" टाइप केलं आणि कास्ट सुरू केला.